लवकर सुरू होणारा कोर्स किती महाग पडतो?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: वय ३६. माहेर सांगली जिल्ह्यातलं, तिथेच बीएचएमएस झाल्या. लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनजवळ आल्या. नऊ वर्षं एच-फोर व्हिसावर (पतीच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असणारा) घरीच होत्या, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. सध्या एका क्लिनिकमध्ये ताशी २० डॉलरवर मेडिकल असिस्टंट आहेत. मुलं नऊ आणि पाच वर्षांची. समोर दोन वाटा आहेत. एक खासगी करिअर कॉलेज सोनोग्राफीची असोसिएट डिग्री देतं. कोर्स पुढच्या महिन्यात सुरू होतो आणि वीस महिन्यांत संपतो, खर्च ६२,००० डॉलर. दुसरी वाट काउंटीच्या म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजची, रेडिओग्राफी (एक्स-रे काढण्याचं शिक्षण). सगळं धरून १८,००० डॉलर, पण आधी वर्षभर पूर्वतयारीचे विषय, मग निवड, मग दोन वर्षं. पतींची आयटीतली नोकरी आहे, ले-ऑफची टांगती तलवार आहे, आणि खासगी कर्जाला त्यांची सही लागणार आहे. 'पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) मिळेलच' असं मैत्रिणी म्हणतात. पत्राचा शेवट असा: 'बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून मला डॉक्टर केलं. आता टेक्निशियन व्हायलाही कर्जच काढू का?'

प्रिय मैत्रिणी,

सोनोग्राफरचा पगार ८९,००० डॉलर, हा आकडा तुमच्या पत्रात चारदा आला आहे. आकडा खोटा नाही. अमेरिकी श्रम खात्याने मे २०२४साठी सोनोग्राफरचा वार्षिक पगार साधारण तेवढाच दिला आहे. पण तो नेमका कुणाचा पगार? देशभरातल्या सगळ्या सोनोग्राफर पगाराप्रमाणे एका रांगेत उभ्या केल्या, तर बरोबर मधोमध जी येईल तिचा. त्या रांगेत वीस वर्षं हृदयाचे स्कॅन करणाऱ्या बाया आहेत, कॅलिफोर्नियात दुप्पट भाडं भरणाऱ्या आहेत, रात्रपाळीचा भत्ता घेणाऱ्या आहेत. नुकती पास झालेली मुलगी त्या रांगेच्या खालच्या टोकाशी उभी राहते. तिची पहिली नोकरी पुष्कळदा पर डिएम असते, म्हणजे बोलावतील तेव्हा जायचं. तासाचे पैसे बरे, पण विमा नाही आणि भरपगारी रजा नाही.

म्हणून हिशेबाला बसताना ८९,००० विसरा आणि ६०,००० धरा. जास्त मिळाले तर आनंदच आहे. रेडिओग्राफीच्या बाबतीतही तेच. त्याच यादीत तिचा मधला पगार सुमारे ७७,०००, रेस्पिरेटरी थेरपीचा ८०,००० आणि डेंटल हायजीनचा ९४,००० आहे. दोन वर्षांच्या डिग्रीवर हे पगार खरोखर चांगले आहेत, हे मी मनापासून सांगते. फक्त ते पहिल्या दिवसाचे नाहीत.

शिक्षण खात्याची 'कॉलेज स्कोअरकार्ड' ही साइट तुम्ही पाहिलीत, हे उत्तम केलंत. तिथे कॉलेजनिहाय आणि कोर्सनिहाय कमाई आणि कर्ज शेजारी शेजारी दिसतं. पण त्यात फक्त सरकारी मदत घेतलेले विद्यार्थी मोजलेले असतात, आणि कर्जाच्या आकड्यात बँकेचं खासगी कर्ज येत नाही. म्हणजे ज्या कॉलेजची मुलं मोठाली खासगी कर्जं काढतात, तिथलाही कर्जाचा आकडा माफक दिसतो. तुम्हाला ६२,०००मधले किती त्या आकड्याच्या बाहेर राहतील, ते आता पाहू.

तुमचं लग्न झालेलं असल्यामुळे सरकारी कर्जासाठी तुम्ही 'इंडिपेंडंट', म्हणजे आईवडिलांवर अवलंबून नसलेल्या, विद्यार्थिनी धरल्या जाल. पहिल्या वर्षी ९,५०० आणि दुसऱ्या वर्षी १०,५००, म्हणजे दोन वर्षांत जास्तीत जास्त २०,००० डॉलर सरकारी कर्ज मिळेल. २०२५-२६चा व्याजदर ६.३९ टक्के आहे. उरलेले ४२,००० खासगी बँकेचे. तिथला दर तुमचा आणि पतींचा क्रेडिट स्कोअर पाहून ठरेल. आपण ११ टक्के धरू. दहा वर्षांच्या फेडीत सरकारी हप्ता महिना २२६ डॉलर आणि खासगी ५७९, मिळून ८०५. दहा वर्षांत एकूण ९६,०००हून जास्त, आणि शिकत असताना चढणारं व्याज यात धरलेलंच नाही. काउंटी कॉलेजचे १८,००० सगळेच्या सगळे सरकारी कर्जाने उभे केले तरी हप्ता २०३ डॉलर.

हे आकडे कशाशी ताडून बघायचे? करिअर कोर्ससाठी सरकारने जे नियम केले, त्यात एक कसोटी होती: कर्जाचा वर्षाचा हप्ता वर्षाच्या कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत असावा. कसोटी कॉलेजांना लावण्यासाठी होती, पण घरच्या वहीतही ती चपखल बसते. ६०,०००चे ८ टक्के म्हणजे ४,८००, महिन्याला ४००. काउंटी कॉलेजचा हप्ता याच्या निम्मा आहे. खासगी कॉलेजचा दुप्पट. तो ८ टक्क्यांत बसवायचा तर तुम्हाला १,२०,००० डॉलर पगार हवा.

आता तुमच्या पत्रातल्या सर्वांत ठाम वाक्याकडे येते. तुम्ही लिहिता, 'नऊ वर्षं गेली, आता एक दिवसही वाया घालवायचा नाही.' ही घालमेल मला कळते. मीही ३४व्या वर्षी पाच वर्षांची मुलगी शेजारणीकडे सोडून वर्गात बसले होते. पण या घाईची किंमत कागदावर मांडून बघा. खासगी कोर्समुळे तुम्ही साधारण सोळा महिने आधी कमवायला लागाल. त्यातल्या पहिल्या वर्षाचा फायदा किती? नव्या नोकरीचे ६०,००० उणे सध्याच्या नोकरीचे ४१,६००. उरले १८,४००, तेही कर कापायच्या आधी. कारण काउंटी कॉलेजच्या पूर्वतयारीच्या वर्षात तुमची सध्याची नोकरी सुटत नाही. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन्ही भाग, मेडिकल टर्मिनॉलॉजी आणि बीजगणित हे विषय पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी किंवा शनिवारी घेता येतात. वरचे चार महिने धरले तरी फायदा तीसेक हजारांचा. म्हणजे तेवढ्यासाठी तुम्ही ४४,००० जास्त खर्च करणार, आणि त्यावर व्याज भरणार.

निवडीत पहिल्या वर्षी नंबर लागला नाही तर? लागणार नाही असंही होऊ शकतं, कारण जागा थोड्या असतात. पण तरीही दुसऱ्या वर्षाची वाट खासगी कॉलेजपेक्षा स्वस्तच पडते. अर्ज मात्र एकाच ठिकाणी करू नका. न्यू जर्सीत १८ काउंटी कॉलेजं आहेत. आपल्या काउंटीत तो कोर्सच नसेल तर शेजारच्या काउंटीत 'चार्जबॅक'खाली स्थानिक दराने शिकता येतं. त्यासाठी आपल्या काउंटीकडून कागद आणावे लागतात.

पगार आणि फी यांच्याबद्दल इतकं लिहिलं, पण मला खरी काळजी वेगळीच आहे. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी आम्ही चोवीस जण होतो. डिग्री घ्यायला पंधरा उरलो. गळालेल्या नऊ जणी ढ नव्हत्या. एकीची गाडी बंद पडली आणि क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाच्या, साडेसहाच्या हजेरीला ती तीनदा उशिरा पोहोचली. एकीच्या सासऱ्यांना पक्षाघात झाला. दोघी फिजिओलॉजीत अडकल्या. शिक्षण सुटलं, कर्ज सुटलं नाही. कोर्स सोडल्यावर सहा महिन्यांत सरकारी कर्जाचा हप्ता सुरू होतो, आणि तो मग जुन्याच पगारातून भरावा लागतो. अमेरिकेत शैक्षणिक कर्ज थकवणाऱ्यांत डॉक्टर-वकिलांसारखी लाखांची कर्जं असणारे कमी, आणि थोडंसं कर्ज घेऊन डिग्री अर्ध्यावर सोडलेले जास्त असतात, ते याचमुळे. म्हणून 'पगार किती' हा माझा पहिला प्रश्न नसतो. या वर्गात बसलेल्या किती जणी परवान्यापर्यंत पोहोचतात, हे मी आधी विचारते.

आणि याचं उत्तर मिळतं. रेडिओग्राफीच्या कोर्सना जेआरसीईआरटी ही संस्था मान्यता देते. मान्यता असलेल्या प्रत्येक कोर्सला आपल्या वेबसाइटवर तीन आकडे जाहीर करावेच लागतात: कोर्स पूर्ण करणारे किती, परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास होणारे किती, आणि वर्षभरात नोकरी लागलेले किती. शेवटच्या दोन्हींत पाच वर्षांची सरासरी किमान ७५ टक्के असावी लागते. सोनोग्राफीत मान्यता सीएएएचईपीची. ती मान्यता कॉलेजला नव्हे, त्या विशिष्ट कोर्सला असते, आणि इथेच पुष्कळ जणी फसतात. 'आमचं कॉलेज अ‍ॅक्रेडिटेड आहे' हे वाक्य खरं असूनही सोनोग्राफीचा कोर्स मान्यतेबाहेर असू शकतो. तसं असेल तर पास झाल्या झाल्या रजिस्ट्रीच्या, म्हणजे सोनोग्राफरांच्या राष्ट्रीय नोंदणीच्या, परीक्षेला सहसा थेट बसता येत नाही. आधी बारा महिन्यांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव मागतात, आणि रजिस्ट्रीशिवाय हॉस्पिटलं सहसा कामावर घेत नाहीत. न्यू जर्सीत सोनोग्राफरला राज्याचा परवाना लागत नाही, म्हणून काही सल्लागार 'लायसन्सची भानगडच नाही' असं गोड करून सांगतात. परवाना नसला तरी रजिस्ट्री हवीच. क्लिनिकलची जागा कॉलेज लावून देणार की तुम्हीच शोधायची, तीही किती मैलांवर, हेसुद्धा लेखी घ्या. पाच वर्षांच्या मुलाला शाळेत सोडण्याची वेळ आणि हॉस्पिटलची हजेरी यांची गाठ तुम्हाला रोज पडणार आहे.

पेल ग्रँटबद्दल स्पष्टच लिहिते. ती तुम्हाला मिळणार नाही. ज्यांच्याकडे आधीची बॅचलर डिग्री नाही त्यांच्यासाठीच ती आहे, आणि परदेशातली डिग्रीही त्यात धरली जाते. बीएचएमएस मोजली जाईल. न्यू जर्सीची मोफत काउंटी कॉलेजची योजनाही आधी डिग्री नसलेल्यांसाठीच आहे. कुणी सुचवेल, 'फॉर्ममध्ये इंडियाची डिग्री लिहूच नका.' हे अजिबात करू नका. तो खोटा जबाब ठरतो. ग्रीन कार्डधारकाने सरकारी कागदावर खोटं लिहिण्याचे परिणाम फीच्या कितीतरी पट महागात पडतात. सरकारी कर्ज मात्र ग्रीन कार्डावर तुम्हाला मिळतं. कर भरताना 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट'ही मिळतं: फीच्या २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. दोघांचं मिळून उत्पन्न १,६०,०००च्या आत असेल तर पूर्ण, त्यापुढे कमी होत जातं. काउंटी कॉलेजच्या १८,०००वर तीन वर्षांत साधारण साडेतीन हजार यातून परत येऊ शकतात.

तरीही बीएचएमएस आडकाठीच ठरली असं समजू नका. तिचं मूल्यमापन करून घ्या, काही सामान्य विषयांतून सूट मिळू शकते. अ‍ॅनाटॉमीची सूट बहुधा मिळणार नाही, कारण शास्त्राचे विषय ठरावीक वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. पण हाडांची नावं तुम्हाला पुन्हा पाठ करावी लागणार नाहीत. इतर जणी जिथे रात्र रात्र जागतात, तिथे तुम्ही मुलांचा अभ्यास घेऊन झोपाल. मघाशी सांगितलेल्या गळतीविरुद्ध हे तुमचं भांडवल आहे, आणि ते बाबांच्या त्या कर्जातूनच आलं आहे.

'डॉक्टर असून टेक्निशियन' हे वाक्य तुमचं आहे की सांगलीच्या फोनवरचं, ते पत्रातून कळत नाही. भारतात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदणीकृत डॉक्टरच्याच हातात असतं, म्हणून तिकडच्यांना इथली ही विभागणी विचित्र वाटते. इथे प्रोब फिरवते ती सोनोग्राफर, आणि तिने पकडलेल्या चित्रांवरून रिपोर्ट लिहितो तो रेडिओलॉजिस्ट. तिने जे पाहिलं नाही ते त्याला दिसत नाही. या कामाला कमीपणा नाही. उद्या कायमचं भारतात परतायचा विचार असेल तर मात्र ही सोनोग्राफीची डिग्री तिथे तशी चालणार नाही, हे दोघांनी आताच बोलून घ्या.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. सोनोग्राफरचे खांदे आणि मनगटं लवकर दुखायला लागतात. दिवसभर हात लांब करून दाब देत स्कॅन करायचे असतात. रेडिओग्राफीत रुग्ण उचलणं-वळवणं आहे, रात्रपाळ्या आहेत. डेंटल हायजीनमध्ये पगार सर्वांत मोठा दिसतो, पण पुष्कळशा नोकऱ्या अर्धवेळ असतात, विमा पतीच्या नोकरीवर राहतो, आणि तुमच्या घरात नेमकी तीच नोकरी डळमळीत आहे. तुम्ही ३६च्या आहात, म्हणजे हे काम पंचवीस वर्षं करणार. कोर्स निवडण्याआधी दोन्ही विभागांत एकेक दिवस मागे उभं राहून बघायची परवानगी मागा. काही हॉस्पिटलं देतात.

यजमानांच्या 'एवढं कर्ज नको'ला तुम्ही 'माझ्या शिक्षणाला नको' असं ऐकलंत, असं मला वाटतं. पत्रात त्यांचं वाक्य तसं नाही. खासगी कर्जावर सही केली की तुम्ही शिक्षण सोडलंत किंवा त्यांची नोकरी गेली तरी बँक दोघांच्याही मागे लागते. सरकारी कर्जाला सही फक्त तुमची, आणि उत्पन्न घटलं तर हप्ता कमी करून घेण्याची सोय त्यात असते. 'एवढं' म्हणजे किती, हे त्यांना विचारा. ८०५चा हप्ता आणि २०३चा हप्ता एका कागदावर लिहून समोर ठेवा आणि मग बोला. तुमच्या बाबांचं पतसंस्थेचं कर्ज आणि हे १८,००० यांची तुलना रुपयांत करू नका. डॉलरला रुपयाने गुणलं की छातीच दडपते, आणि पगारही डॉलरातच येणार आहे हे विसरायला होतं.

माझं मत विचाराल तर काउंटी कॉलेज. पण त्याआधी नोकरी बदला. क्लिनिक सोडून एखाद्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये शिरा. मेडिकल असिस्टंट म्हणून, रक्त घ्यायला, रुग्णांची ने-आण करायला, मिळेल त्या कामावर. मोठी हॉस्पिटलं कर्मचाऱ्यांच्या फीला हातभार लावतात, आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर कर लागत नाही. किती महिने नोकरी झाल्यावर मदत मिळते आणि नंतर किती वर्षं तिथे राहावं लागतं, ते आधी वाचा. पूर्वतयारीचे विषय पगारातून रोखीने भरा. मग कर्ज दहा-बारा हजारांवर थांबेल. १२,०००चा हप्ता महिना १३६ डॉलर. क्लिनिकलच्या दोन वर्षांत नोकरी अर्धवेळ होईल आणि वर्षाला वीसेक हजारांचा पगार बुडेल. या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा खर्च तोच आहे, फी नव्हे. आताच्या वर्षात जे साठवाल ते त्यासाठी ठेवा.

हे पत्र वाचणाऱ्या, अजून एच-फोरवर असलेल्या मैत्रिणींना एक सांगणं. शिकायला व्हिसाची आडकाठी नाही, पण सरकारी कर्ज तुम्हाला मिळत नाही आणि कामाची परवानगी वेगळी लागते. ती हातात नसताना खासगी कर्ज काढून डिग्री घेतली, तर परवाना घेऊन घरी बसायची वेळ येऊ शकते. पूर्वतयारीचे विषय एकेक करून पुरे करत राहा, पण ते जुने झाले की बाद होतात, म्हणून ग्रीन कार्डच्या रांगेकडे बघून त्यांची वेळ ठरवा.

त्या खासगी कॉलेजच्या सल्लागाराचा या आठवड्यात पुन्हा फोन येईल. 'शेवटच्या दोन जागा उरल्यात' असंही ऐकायला मिळेल. सही करू नका. गेल्या तीन वर्षांत सोनोग्राफीला किती जणी बसल्या, किती पूर्ण झाल्या, किती रजिस्ट्री पास झाल्या आणि कोर्सची मान्यता कुणाची, हे ईमेलने मागा. उत्तर आलं तर मला पाठवा, आपण दोघी मिळून वाचू. काउंटी कॉलेजच्या संध्याकाळच्या अ‍ॅनाटॉमी वर्गाची नोंदणी कधी बंद होते, तेही आजच बघून ठेवा.